एलडीएल १५८ आलंय, त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४४, चेकअपमध्ये टोटल कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल १५८, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १८०. बीपी १३८/८८, उपाशीपोटी शुगर १०८, सिगरेट नाही, वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता. डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे एलडीएल कमी करणारी गोळी लिहून दिली. मित्र म्हणतो हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे, अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलच असतं, आणि गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही. आता घ्यायची की नाही?

मी हृदयरोगाचेच पेशंट बघतो, बरीच वर्षं, आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने जवळपास रोजच कानावर येतो. मित्राचे तीनही मुद्दे नीट बघू, कारण त्यातला एक तर आकड्यांपुरता खराच आहे. मोठं होईल, निवांत वाचा.

आधी एक गोष्ट. १५८ हा काही आजार नाही. तुम्हाला ‘कोलेस्टेरॉल झालेलं’ नाहीये, कोलेस्टेरॉल सगळ्यांनाच असतं, त्याशिवाय पेशींचं आवरण बनत नाही, हार्मोन्स बनत नाहीत, पित्त बनत नाही. ते बहुतांश शरीर स्वतःच तयार करतं, खाण्यातून येणारा भाग कमी. प्रश्न कोलेस्टेरॉलचा नसून त्याची रक्तातून ने-आण करणाऱ्या कणांचा आहे. चरबी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती प्रोटीनच्या वेष्टनात बांधून फिरवावी लागते, आणि यातले एलडीएल नावाचे कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि काही तिथेच अडकून बसतात. अडकलेल्या कणांना खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात, मरतात, तिथे सूज राहते, वर तंतूंचं झाकण तयार होतं. हा झाला प्लाक. अनेक वर्षांनी एखाद्या दिवशी ते झाकण फाटतं, आतला माल रक्ताच्या संपर्कात येतो, काही मिनिटांत वर रक्ताची गुठळी बसते आणि वाहिनी बंद. अटॅक म्हणतात तो हा, आणि तुम्हाला आज त्रास काहीच नाही याचं कारणही हेच आहे. पहिली वीस-तीस वर्षं या सगळ्याचा आवाजच होत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी १९५३ साली छापून आली होती, सरासरी वय फक्त २२, आणि त्यातल्या ७७ टक्के मुलांच्या कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांमध्ये या रोगाची काही ना काही सुरुवात दिसत होती. बावीस वर्षांची, धडधाकट, लढाईवर पाठवलेली मुलं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे. आजचा आकडा एकटा बघू नका, तो आकडा किती वर्षं अंगावर आहे आणि सोबतीला अजून काय काय आहे ते बघा. सिगरेटचा हिशोब आम्ही रोजची पाकिटं गुणिले वर्षं असा लावतो ना, एलडीएलचाही तसाच लावायचा. १५८ गुणिले दोन वर्षं आणि १५८ गुणिले तीस वर्षं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे मी नुसतं तर्काने सांगत नाहीये. पीसीएसके९ नावाचं एक जनुक आहे. काही लोकांमध्ये ते जन्मतःच बिघडलेलं असतं, आणि हा बिघाड फायद्याचा निघाला. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि पंधरा वर्षांत त्यांच्यात कोरोनरी आजार तब्बल ८८ टक्के कमी आढळला. हा निष्कर्ष २००६ मध्ये आला. आता गंमत बघा, गोळ्यांनी एलडीएल साधारण तेवढंच खाली आणलं तर पाच वर्षांत धोका वीस-पंचवीस टक्के कमी होतो, ८८ नाही. तेवढीच घट, मग फायद्यात इतका फरक का? कारण एकांना ती जन्मापासून मिळाली आणि दुसऱ्यांना पन्नाशी-साठीत, भिंतीत माल भरून झाल्यावर.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं फार जास्त एलडीएल. रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारे जे रिसेप्टर लिव्हरवर असतात ते यात कमी पडतात. (या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टाइन या जोडीला १९८५ चं नोबेल मिळालं.) आई किंवा वडील एकाकडूनच दोष आला असेल तर असे लोक साधारण २५० मध्ये एक सापडतात, म्हणजे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. दोघांकडूनही आला तर एलडीएल ५०० च्याही वर जातं, आणि अशा मुलांना उपचार मिळाले नाहीत तर दहाव्या-पंधराव्या वर्षी सुद्धा अटॅक येतात. ना सिगरेट, ना बीपी, ना डायबेटिस, ना ऑफिसचं टेन्शन. ज्यांना कोलेस्टेरॉल आणि हृदयरोगाचा काही संबंध नाही असं वाटतं त्यांनी या मुलांचं काय स्पष्टीकरण द्यायचं ते एकदा ठरवावं, मला तरी अजून कुणी दिलेलं नाही.

आता मित्राचा मुख्य मुद्दा, अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं. हे तो कुठून वाचून आला ते मला माहितीये. २००९ साली अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या १,३६,९०५ पेशंटचे आकडे छापले गेले, त्यात जवळपास निम्म्या लोकांचं एलडीएल भरती होताना १०० च्या खाली होतं. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते समजून घेतलं तर हा विषयच बराचसा समजतो.

एक तर अटॅक आल्यानंतर काही तासांतच एलडीएल खाली यायला लागतं, कुठल्याही मोठ्या आजारपणात येतं. त्यामुळे भरती झाल्यावर मोजलेला आकडा म्हणजे अटॅकच्या आदल्या आठवड्यातला आकडा नव्हे, आणि आधीच्या वीस वर्षांतला तर नव्हेच नव्हे. दुसरं, त्यातले बरेच जण आधीपासून स्टॅटिनवर होते, म्हणजे आकडा गोळीने उतरलेला आणि प्लाक आधीचा. तिसरं, धोका एकट्या एलडीएलमुळे नसतो. एलडीएल ११० असलेला माणूस दिवसाला पाकीट ओढत असेल, बीपी १६० असेल, डायबेटिस असेल तर त्याच्या भिंतीत ११० सुद्धा भरपूर नुकसान करतं, कारण अस्तर आधीच खराब झालेलं असतं. आणि चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘नॉर्मल’ म्हणजे काय? रिपोर्टवर जे नॉर्मल छापलेलं असतं ते बहुतेकांचं तेवढं असतं म्हणून सवयीने नॉर्मल वाटतं. नवजात बाळाचं एलडीएल ३०-४० च्या आसपास असतं आणि त्यावर त्याचा मेंदू मजेत वाढतो. म्हणजे जिथे बहुतेक सगळ्यांचंच एलडीएल शरीराच्या गरजेपेक्षा जास्त आहे तिथे बहुतेक अटॅक ‘नॉर्मल’ गटातच दिसणार, कारण माणसं तिथेच जास्त आहेत! १९० च्या वरच्यांचा धोका प्रत्येकी जास्त, पण ते आहेतच थोडे.

आता मित्राच्या ‘औषध कंपन्यांचा खेळ’ या मुद्द्याबद्दल. औषध कंपन्या धंदाच करतात, त्यात वाद नाही, आणि त्यांच्या जाहिरातींवर मी स्वतः फार विश्वास ठेवत नाही. पण स्टॅटिनमागचं काम जाहिरातीवर उभं नाहीये. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरचा एक ट्रायल आला, निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच नकली गोळी. सरासरी साडेपाच वर्षांच्या आसपास नकली गोळीवाले २५६ लोक गेले आणि खऱ्या गोळीवाले १८२. मृत्यूचे आकडे आहेत हे, कुणाला बरं वाटलं नि कुणाला नाही असला मामला नाही. त्यानंतर असे पुष्कळ ट्रायल झाले, सगळे एकत्र केले की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने खाली आणलं की अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात असं दिसतं. आणि जुन्या स्टॅटिनची पेटंट कधीच संपलीत.

खेळच असता तर एचडीएलचं जे झालं ते झालं नसतं. एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल हे सगळ्यांना पाठ आहे, आणि ज्यांचं जास्त असतं त्यांना अटॅक कमी येतात हे निरीक्षणही बरोबर आहे. म्हणून एका बड्या कंपनीने एचडीएल वाढवणारं टॉरसेट्रापिब नावाचं औषध काढलं, पंधरा हजारांच्या आसपास लोकांवर ट्रायल सुरू केला, एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, वर एलडीएलही कमी झालं, कागदावर सगळं झकास, आणि डिसेंबर २००६ मध्ये ट्रायल मधेच थांबवावा लागला कारण औषध घेणारे लोक जास्त मरत होते. त्या औषधाने बीपी वाढत होतं हे एक कारण होतंच. पण नंतर नायसिन नावाचं दुसरं औषध देऊन एचडीएल वाढवून बघितलं, तिथेही स्टॅटिनच्या वर काही हाती लागलं नाही. ज्यांना जन्मजात जनुकामुळे एचडीएल जास्त आहे त्यांच्याकडे बघितलं, त्यांनाही अटॅक कमी येत नव्हते. थोडक्यात कमी एचडीएल ही बहुतेक वेळा एक खूण आहे, पोट सुटलंय, हालचाल कमी आहे, शुगर चढतेय याची. ती वाढवायच्या मागे लागू नका. आणि ‘माझं एलडीएल जास्त असलं तरी एचडीएल पण मस्त आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका, एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही.

तुमच्या रिपोर्टमधली अजून एक गोष्ट बघा. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. टोटलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडला पाचने भागून तेही वजा. २३८ मधून ४४ गेले, १८० चे ३६ गेले, उरले १५८. बरोबर आलं ना? हे सूत्र १९७२ सालचं आहे आणि साधारणपणे चालतं, पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर अजिबात वापरायचं नसतं. त्यापेक्षा मला सरळ नॉन-एचडीएल बघायला आवडतं, टोटल वजा एचडीएल, तुमचं १९४. यात भिंतीत शिरू शकणारे सगळेच कण येतात, आणि त्यासाठी उपाशी राहायचीही गरज नसते. अपोबी नावाची टेस्ट त्याहून नेमकी, अशा प्रत्येक कणावर अपोबी या प्रोटीनचा एकच रेणू असतो त्यामुळे अपोबी मोजलं की कणांची संख्याच कळते. ट्रायग्लिसराइड १८० आणि शुगर १०८ वाल्या माणसात कधीकधी एलडीएलचा आकडा बरा दिसतो पण कण संख्येने जास्त असतात. म्हणून मिळत असेल तर करून घ्या. नाही मिळाली तर अडत नाही.

एकदा करायची टेस्ट म्हणजे लायपोप्रोटीन ए, हा एलडीएलसारखाच भिंतीत शिरणारा एक कण. ही मात्र मी तुमच्याबाबतीत आग्रहाने सांगेन. ही पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, खाण्याने व्यायामाने हलत नाही, आयुष्यात एकदा केली की बहुतेक पुरते, आणि साधारण पाचात एका माणसात ती जास्त असते. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आलाय म्हटल्यावर हे बघायलाच हवं. (पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत आणि स्त्री नातेवाइकाला ६५ च्या आत झाला असेल तर आम्ही घराण्यात आहे असं धरतो. ऐंशीव्या वर्षी आजोबा हार्टने गेले हे त्यात येत नाही.) ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर ती कमी करायची सोपी गोळी नाहीये, पण मग एलडीएलबाबत आपण जास्त कडक व्हायचं.

गोळी सुरू करण्याआधी अजून दोन कामं. एकदा लिपिड प्रोफाइल परत करा, कारण एका टेस्टपासून दुसऱ्या टेस्टपर्यंत पाच-दहा टक्के फरक काही न करताही पडतो, आणि नुकताच ताप-बिप येऊन गेला असेल तर त्याने आकडे बदलतात. आणि थायरॉइड बघा. थायरॉइड कमी असेल तर एलडीएल चढतं, अशा वेळी थायरॉइडची गोळी दिली की ते आपसूक उतरतं, आणि थायरॉइड न बघता स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास व्हायची शक्यताही जास्त. किडनीतून प्रोटीन जात असेल, स्टेरॉइड चालू असेल, नाहीतर अलीकडे कार्बोहायड्रेट जवळपास बंद करून नुसत्या फॅटवर राहायचं डाएट सुरू केलं असेल तरी एलडीएल वाढतं, शेवटच्या प्रकारात तर सडपातळ माणसाचंही कधीकधी भलतंच वाढतं आणि त्याला वाटत असतं आपण आता एकदम हेल्दी झालोय.

खाण्याबद्दल लोक फार बोलतात आणि चुकीच्या गोष्टीवर बोलतात. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलवर जन्मभर भांडण चालतं, पण रक्तातलं एलडीएल मुख्यतः वाढतं ते सॅच्युरेटेड फॅटने, कारण त्याने लिव्हरवरचे ते रिसेप्टर कमी होतात. ट्रान्स फॅट त्याहून वाईट, ते एलडीएल वाढवतं आणि एचडीएल पाडतं. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांत थोडा असतो, अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांमधून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली ती यामुळेच. आणि तेलाच्या बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं बघून जास्त पैसे देऊ नका, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात सांगण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतंच. सॅच्युरेटेड फॅट कमी करून त्या जागी मैदा आणि साखर वाढवली तर काहीच मिळवलं नाही, त्या जागी पातळ वनस्पती तेल, दाणे-बदाम असं आलं तर एलडीएल उतरतं. विरघळणारा फायबर, म्हणजे ओट्स, कडधान्यं, काही फळं, हा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं.

पण अपेक्षा नीट ठेवा. हे सगळं मनापासून केलं तर बहुतेकांचं एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं, फारच काटेकोर राहणाऱ्यांचं त्याहून जास्त. म्हणजे तुमचं १५८ चं १३५-१४० होईल. व्यायामाने एलडीएल फारसं हलत नाही, हे ऐकून पेशंटचा चेहरा उतरतो, पण व्यायामाने बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड, वजन सगळं सुधारतं आणि अटॅकचा धोका कमी होतो, मग एलडीएल हललं नाही तर नाही. वजन पाच-सात किलो उतरलं, दारू असेल तर ती कमी केली, साखर कमी केली की ट्रायग्लिसराइडवर मात्र झटकन फरक दिसतो. १८० ला त्यासाठी वेगळी गोळी अजिबात नको. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं की पॅन्क्रियाला सूज यायची भीती सुरू होते, तो वेगळा विषय.

सप्लिमेंटचं एका परिच्छेदात संपवतो. २०२२ साली एक ट्रायल छापून आला, रोझुव्हास्टॅटिनचा अगदी लहान डोस म्हणजे ५ मिलिग्रॅम विरुद्ध फिश ऑइल, लसूण, हळद, दालचिनी, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस. चार आठवड्यांत स्टॅटिनवाल्यांचं एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं, बाकीचं एकही नकली गोळीच्या पुढे गेलं नाही. रेड यीस्ट राइसची तर गंमतच आहे, त्यात असतं ते मोनॅकोलिन के, म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. ‘गोळी नको, नैसर्गिक द्या’ म्हणणारे लोक स्टॅटिनच घेत असतात, फक्त किती ते कुणाला माहीत नसतं.

आता गोळीची भीती. सुटत नाही म्हणजे व्यसन लागतं असं नव्हे. बंद केली तर काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत जातं, बस. बीपीच्या गोळीचंही तेच आहे. चालू ठेवायची कारण फायदा वर्षांच्या हिशोबात मिळतो, आठवड्यांच्या नाही.

अंगदुखी ही सगळ्यात जास्त तक्रार. यावर लंडनमध्ये एक फार छान ट्रायल झाला, २०२० मध्ये छापून आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली, प्रत्येकाला एका वर्षासाठी बारा बाटल्या दिल्या, चारांत खरी गोळी, चारांत नकली, चार रिकाम्या, आणि रोज त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायला सांगितले. रिकाम्या महिन्यात सरासरी ८, खऱ्या गोळीच्या महिन्यात १६.३, नकली गोळीच्या महिन्यात १५.४. म्हणजे त्रास खराच होता, लोक नाटक करत नव्हते, पण तो जवळजवळ सगळा गोळी घेतोय या जाणिवेचा होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. याचा अर्थ स्टॅटिनने स्नायू कधीच दुखत नाहीत असा नाही. काही थोड्यांना खरंच होतं, मग डोस कमी करायचा, दुसरं स्टॅटिन बघायचं, नाहीतर दिवसाआड द्यायचं. आणि अगदी क्वचित स्नायू खरोखरच मोडायला लागतात, दोन्ही मांड्या-दंड खूप दुखणं, ताकद जाणं, लघवी गडद चहासारखी होणं, असं झालं तर गोळी लगेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, वाट बघायची नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत आलं तर काही स्टॅटिनची पातळी रक्तात वाढते, तेव्हा दुसऱ्या कशासाठी डॉक्टरकडे गेलात तर स्टॅटिन चालू आहे हे सांगत जा.

शुगर थोडी वाढते हे खरं आहे. जे आधीच काठावर आहेत, म्हणजे तुमच्यासारखे, त्यांच्यातल्या काहींना डायबेटिसचा शिक्का जरा लवकर लागतो. तरीही हृदयाचा फायदा त्याहून बराच जास्त निघतो, कारण डायबेटिसमुळे जी अटॅकची भीती असते तीच इथे कमी होतेय. लिव्हरची टेस्ट सुरू करण्याआधी एकदा करायची, नंतर काही लक्षण असेल तरच. विसरभोळेपणाची भीती ट्रायलमध्ये टिकली नाही, मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्या एलडीएलवर अवलंबून नसतो. (हे सगळं तुमच्याबद्दल लिहितोय, मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या किंवा गरोदर बाईने ही गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.)

मग फायदा किती? पाच वर्षांत धोका दहा टक्क्यांच्या आत असलेल्या लोकांमध्ये एलडीएल ३९ ने उतरवलं तर हजारातल्या साधारण ११ जणांची मोठी घटना टळते. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना पाच वर्षांत काही फरक कळणारच नाही. हे पेशंटला सांगायला काही डॉक्टर कचरतात, मी सांगतो. पण हे पाच वर्षांचं गणित आहे आणि तुम्ही ४४ चे आहात, तुम्हाला अजून तीस-चाळीस वर्षं त्याच वाहिन्या वापरायच्या आहेत. मघाशी जनुकांचं सांगितलं ते इथे लागू होतं.

मन तरीही होत नसेल तर कोरोनरी कॅल्शियम स्कोअर हा हृदयाच्या वाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम किती साठलंय ते दाखवणारा एक स्कॅन आहे, अशाच काठावरच्या निर्णयासाठी. काही कॅल्शियम निघालं तर ४४ व्या वर्षी ते जास्तच आहे, मग वाद संपला, गोळी घ्या. शून्य आला तर येत्या काही वर्षांचा धोका कमी, थांबायला हरकत नाही. मात्र या वयात मऊ प्लाक असू शकतो ज्यात कॅल्शियम अजून बसलेलं नसतं, त्यामुळे शून्य म्हणजे आयुष्यभराची सुट्टी नव्हे. ट्रेडमिल टेस्ट मात्र यासाठी करू नका. ती वाहिनी बरीच अरुंद झाली असेल तरच बोलते, आणि कित्येक अटॅक आधी जेमतेम अर्धी भरलेल्या जागी प्लाक फुटून येतात, म्हणून तर ‘गेल्याच महिन्यात टेस्ट नॉर्मल होती’ हे वाक्य इतकं ऐकू येतं.

तुमच्या जागी मी काय करीन. १३८/८८ आधी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा, कारण माझ्या मते तुमच्या यादीत बीपी एलडीएलच्या खालोखाल आहे आणि तुम्ही त्याबद्दल प्रश्नच विचारला नाहीत. लिपिड परत, थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरचा सरासरी अंदाज), लायपोप्रोटीन ए. तीन महिने खाणं-वजन-व्यायाम नीट करून बघायचं असेल तर बघा, तीन महिन्यांनी काही बिघडत नाही, फक्त ते तीन महिने तीन वर्षं होऊ देऊ नका. त्यानंतरही एलडीएल १३० च्या वर असेल तर वडिलांचा इतिहास आणि शुगर बघता माझा कल गोळीकडे आहे. मध्यम डोस पुरेल. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, त्यामुळे कमी पडलं तर मोठा डोस रेटण्यापेक्षा एझेटिमाइब, म्हणजे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी दुसरी गोळी जोडणं शहाणपणाचं. लक्ष्य १०० च्या खाली, लायपोप्रोटीन ए जास्त निघालं तर ७० च्या खाली. अटॅक येऊन गेलेल्यांना आम्ही ५५ च्या खाली नेतो, ते तुम्हाला आज लागू नाही, त्यांच्या रिपोर्टशी आपला ताडून घाबरू नका. सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट, तेवढ्यात पूर्ण परिणाम दिसतो.

आणि चालताना, जिना चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा, थांबलं की बरं वाटणं, असं काही होत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी दाखवा, मग हा प्रश्न धोक्याचा राहत नाही, आजाराचा होतो. सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही एकदा लिपिड प्रोफाइल करायला सांगा, वडील तेच आहेत. त्यांच्यापैकी कुणाचं एलडीएल १९० च्या वर निघालं तर तिथे तीन महिने डाएट वगैरे बघत बसायचं नाही, थेट उपचार, आणि त्यांच्या मुलांचीही टेस्ट.